देवाचं नाही ते

"मतं घेतलीत? देवाच्या शब्दावर?"

आशेर वाघचौरेनं पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"घेतली," रेव्हरंड शेलार म्हणाले. "बारा जण होतो. शब्द अडला की हात वर करायचे."

बायबलच्या एका मराठी भाषांतर-समितीवर ते तरुणपणी होते. आता ब्याऐंशी वर्षांचे. जिल्ह्यातले निम्मे पाळक त्यांच्याकडेच शिकलेले. लहानपणी आशेरही.

"आणि देवाचं मत?"

"त्याला विचारलं नाही."

आशेर हसला. पाळकांच्या कॉलेजात असं सरळ उत्तर त्याला एकानंही दिलं नव्हतं. प्रश्न विचारला की म्हणायचे, प्रार्थना कर. शेवटच्या वर्षाला त्यानं कॉलेज सोडलं ते त्यामुळेच.

तरी गावच्या चर्चला कोणी मिळेना, म्हणून पंच त्याला प्रचारक करायला तयार झाले. अट एकच. हे पुस्तक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत देवाचं आहे, असं लिहिलेल्या कागदावर रविवारी सही करायची. पंचांपैकी निम्म्यांनी ते पुस्तक अर्धंही वाचलेलं नाही. सह्या मात्र आधीच ठोकलेल्या.

आशेरला ती जागा हवी होती. खोटी सही करून नको होती.

"पुस्तक देवाचं कशावरून? तर पुस्तकातच तसं लिहिलंय! मीही लिहून देतो, आशेर खरं बोलतो. धरा खरं."

"धरलं."

"चेष्टा नको, पाळकसाहेब. गुलामांनी मालकाचं ऐकावं, बायकांनी गप्प बसावं... हे देव बोलला?"

म्हातारा उठला. आतून स्वतःचं बायबल घेऊन आला, पन्नास वर्षं हाताळलेलं. वर शाईचं पेन ठेवलं.

"देवाचं नाही ते खोड. उरेल त्यावर सही कर."

"तुमच्या बायबलात?"

"घाबरलास?"

आशेर मांडी घालून बसला. गुलामांचं खोडलं. बायकांचं खोडलं. देवाच्या हुकमानं लेकरंबाळं कापल्याचं तर कागद फाटेस्तोवर खोडलं. म्हातारा बशीतून चहा पीत बघत होता. एकदाही हात धरला नाही.

मग पेन थांबलं. वैऱ्याला क्षमा करायला सांगणारी ती ओळ.

"काय झालं?"

"ही मला सगळ्यात जास्त नकोय."

हिवाळे पंचांनी त्याच्या आईला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेणाऱ्यांच्या रांगेतून उठवलं होतं. भर मंडळीत. पोरगा शास्त्रावर शंका काढतो म्हणून.

पेनचं टोक कागदावर टेकलं. तिथंच राहिलं... शाईचा ठिपका पसरत गेला.

"हिवाळेकाकांना मी माफ केलेलं नाही," आशेर म्हणाला. "करणारही नाही."

"मी कुठं म्हटलं कर म्हणून?"

"आणि ही ओळ देवाची आहे, असंही मी मानत नाही."

शेलारांनी बायबल त्याच्याकडे आणखी थोडं सरकवलं.

"मग खोड की."