उंबराखालची जागा

डोंगराच्या कुशीतल्या रानात एक मोठा डोह होता. उन्हे कलली की सगळे रान तिथे लोटायचे. कुणी डुंबायला, कुणी तहान भागवायला, तर कुणी नुसते गार वाऱ्याला बसायला. मुलांनो, सुट्टीच्या दिवशी आपण तलावावर फिरायला जातो आणि गाडी लावायला जागाच मिळत नाही, तेव्हा कशी तारांबळ उडते? त्या डोहावरही तसेच व्हायचे. काठ अरुंद आणि येणाऱ्यांची अंगे मोठी. एखादे सांबर वाटेतच आडवे उभे राहायचे आणि मागे भेकराची पिल्ले तहानेने ओरडत बसायची.

शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवले. जो आधी येईल त्याने हवी ती जागा घ्यावी, मात्र वाट अडवू नये. आणि काठावर जागा घेणाऱ्याने जाताना आपल्या समोरचा तोंडभर गाळ उपसून बाहेर टाकावा. हेच जागेचे भाडे. भाडे घ्यायला साळिंदर बसली. तिच्या काट्यांपुढे सहसा कुणी हुज्जत घालत नसे.

सगळ्यांत चांगली जागा उंबराखालची. सावली दाट, पिकली फळे टपाटप पुढ्यात पडायची आणि पाणी अगदी पायाशी. गवा लवकर चरून मोकळा व्हायचा, त्यामुळे ती बहुधा त्यालाच मिळायची. शेजारीच एक रानडुक्कर आपल्या बायकापोरांसह चिखलात लोळायचा. लोळले की अंगावरचे गोचीड गळून पडायचे, कातडी थंड व्हायची. पण डुकराचे लक्ष चिखलात नव्हतेच. त्याची नजर सारखी गव्यावर.

"बघ, कसा पसरलाय," तो डुकरिणीला म्हणायचा. "जागा जशी काही सासऱ्याने आंदण दिलीय याला."

"अहो, आपल्याला चिखल मिळतोय ना? मग लोळा की गुमान."

"आणि भाडं किती, तर तोंडभर! एवढा धिप्पाड तो, आणि माझंही भाडं तेवढंच. हा कुठला न्याय?"

साळिंदरीच्या कानावर ते पडले. ती म्हणाली, "अरे बाबा, त्याचं तोंड केवढं आणि तुझं केवढं! त्याच्या एका घासात तू शेपटीसकट मावशील."

काठावरचे सगळे खदखदा हसले. गवाही हसला. ते हसू डुकराच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, डोहावर चिटपाखरूही नसताना, तो उंबराखाली जाऊन आडवा झाला. संध्याकाळी गवा आला. त्याने डुकराला पाहिले, "बसलास का? बस, बस," म्हणाला आणि पलीकडे उघड्यावर जाऊन उभा राहिला. डुकराला वाटले, आता सुखाची झोप लागेल. पण कसली झोप! आपण उठलो की गवा येईल, या धास्तीने तो पाण्यातही उतरला नाही.

अंधार पडताना साळिंदर आली. "चला, तोंडभर गाळ काढा."

"मावशी, मी पाण्यात पाय तरी घातला का? मग भाडं कसलं?"

"भाडं जागेचं असतं, पाण्याचं नव्हे."

"उठलो तर जागा जाईल माझी. उद्या देतो."

तो उद्या काही उजाडला नाही. डुक्कर तिथेच खायचा, तिथेच झोपायचा. साळिंदरीने एकदा काटे फुलवले, तरी तो हलला नाही. "बरं तर," ती म्हणाली. "तुझ्या समोरचा गाळ तुझ्यावाचून कुणी काढणार नाही, एवढं ध्यानात ठेव." तिकडे गवा रोज जाताना आपला भला मोठा घास उपसून टाकत होता. ते पाहून डुक्कर मनात म्हणायचा, 'उन्हात उभा राहूनही हा खुशीत कसा? त्या जागेत काहीतरी असणार.'

उन्हाळा तापला. डोह आटू लागला. उंबराकडची बाजू गाळाने भरलेली, तिथले पाणी आधी हटले. चिखल वाळला, मग त्याला भेगा पडल्या. गव्यासमोर मात्र रोजच्या उपसण्याने चांगला खोलगट खड्डा झाला होता. उरलेसुरले पाणी तिथे जमा झाले.

"अहो, पोरांना गोचिडांनी फोडून काढलंय," डुकरीण म्हणाली. "तुमची पाठ तर बघवत नाही. चला तिकडे."

"गव्याच्या दारात? मी?"

"दार कसलं आलंय त्यात? डोह सगळ्यांचा आहे." ती थांबली नाही. पिल्लांना घेऊन गव्यापुढे गेली. "भाऊजी, पोरांना जरा लोळू द्याल?"

गवा लगेच बाजूला सरकला. "या वहिनी. दादांनाही हाक मारा. गाळ काढायला तेवढीच मदत होईल."

पिल्लांनी चिखलात धडाधड उड्या घेतल्या. "बाबा, या ना! केवढा गारगार चिखल आहे!"

डुक्कर उठला. अंगाची आग होत होती. पाय आपोआप तिकडे वळले. तेवढ्यात एक सांबर सावलीकडे मान वळवून पाहताना त्याला दिसले, आणि तो झटकन पुन्हा जमिनीला चिकटून बसला. उंबराच्या खरबरीत बुंध्यावर त्याने पाठ घासली, रक्त येईतो घासली. पलीकडे पोरे किंचाळत, हसत, एकमेकांवर चिखल उडवत होती.

"बघितलंस?" तो पुटपुटला. "सगळा डोह शेवटी त्यालाच मिळाला."

पण ऐकायला शेजारी कुणीच नव्हते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या जागेचा हेवा करणाऱ्याला ती जागा मिळाली तरी सुख मिळत नाही, आणि जे ठिकाण सगळ्यांचे असते, ते ज्याने त्याने आपल्या वाट्याचे काम केले तरच सगळ्यांना पुरते.