शेंदराची रेघ

त्या राज्यात नदी होती, पण ती पावसाळ्यापुरतीच नदी असे. एरवी नुसती वाळू. म्हणून सगळ्या जनावरांनी मिळून मातीचं धरण बांधलं. रानडुकरांनी माती उकरली, रेड्यांनी खुरांनी थर दाबले आणि साळिंदरांनी पायथ्याशी एक दार ठेवलं. पहिल्या पुराचं गढूळ पाणी त्या दारातून सोडून द्यायचं आणि मागचं निवळ पाणी साठवायचं, असा नेम होता. जलाशय इतका खोल झाला की बगळ्याला काठ सोडायची छाती होत नसे. मधल्या डोहात म्हातारी रोहू मासळी पोराबाळांसह सुखात राहू लागली.

भिंतीजवळच्या दगडावर शेंदराची रेघ होती. पाणी रेघेला टेकलं की हत्तीमहाराज दगडाची पूजा करत, नगारा वाजे, सगळ्यांना ऊस मिळे. गढूळ पाणी सोडलं की रेघ उशिरा भिजते, हे एकदा कुणाच्या तरी ध्यानात आलं. उसापुढे कुणाला धीर धरवतो? दार बुजवलं गेलं. त्या वर्षी नगारा लवकर वाजला, पुढच्या वर्षी आणखी लवकर. हे महाराजांचं पुण्य, असं कोल्हा सांगू लागला आणि सगळ्यांना ते पटलंही.

एके दिवशी रोहू काठाशी आली.

"महाराज, गाळ साचून तळ वर येतोय," ती म्हणाली. "दार उघडा. माशाला दुसरं गाव नसतं."

तळच वर आला तर बुडी मारायचे कष्ट वाचतील, असं कोल्हा हसत म्हणाला. महाराजांनी तिला फक्त रेघ दाखवली. ती भिजलेली होती. भिजल्या रेघेपुढे बिचारीचं काय चालणार? ती डोहात परतली. फार खोल जावं लागलं नाही.

पुढे उन्हाळ्यात जलाशय लवकर आटू लागला, तेव्हा दोष उन्हाला दिला गेला. रोहूची पोरं एकेक करून चिखलात गेली.

मग एका वर्षी एकाच पावसात रेघ भिजली. एवढं भाग्य कुणी पाहिलं नव्हतं. नगारा घुमला, उसाच्या मोळ्या सुटल्या. त्या गर्दीतून बगळा निघाला आणि भरलेल्या जलाशयाच्या मधोमध चालत गेला. त्याचे गुडघे कोरडे होते. रोहू तिथेच होती. सरळ राहिलं तर पाठ बुडत नव्हती, म्हणून ती कुशीवर पडून पोहत होती, आणि तिच्या वरच्या डोळ्याला ती ओली रेघ स्पष्ट दिसत होती.