रिकाम्या यादीची सरासरी

“...आणि यादी रिकामीच असली तर?” रेवणबुवांनी विचारलं.

खरवंडीकर सरांनी चमकून वर पाहिलं. नेमकी तीच जागा!

दोघे बुवांच्या मठाच्या अंगणात बसले होते. सरांच्या मांडीवर नव्या संगणकभाषेच्या संदर्भग्रंथाची, छापण्याआधी तपासायची मुद्रितं होती. छापखाना खोळंबला होता आणि एवढे शिकलेसवरलेले सर एका फंक्शनपाशी, म्हणजे यंत्राकडून एक ठरावीक काम करून घेणाऱ्या आज्ञेपाशी, अडून बसले होते. बुवांना त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं होतं : फंक्शन जाहीर करताना त्याचं नाव सांगायचं, ते काय घेतं ते सांगायचं आणि काय देतं तेही. ‘सरासरी’ हे फंक्शन आकड्यांची यादी घेतं, सरासरी देतं.

“रिकामी असली तर... एका यंत्रावर शून्य येतं. दुसऱ्यावर सगळंच बंद पडतं.”

“असं कसं?”

“भाषा बनवणाऱ्यांनी ते ठरवलंच नाही, बुवा.”

“मग तुम्ही काय लिहिलंत?”

सरांनी पान पुढे केलं. बुवांनी मोठ्याने वाचलं, “‘यादीच्या स्वरूपानुसार यथोचित मूल्य प्राप्त होते.’ वा! कीर्तनात खपेल.”

सर ओशाळले.

“यावर भरवसा ठेवून दवाखान्यात औषधाची मात्रा काढतील लोक. कळतं हो मला. पण संदर्भग्रंथात ‘ठाऊक नाही’ असं कसं लिहू? आधीच रोज वाटतं, आपल्याला काही येत नाही. त्यात हे छापून... हसतील सगळे.”

बुवा उठले.

अंगणात धान्य साठवायचं जमिनीखालचं जुनं पेव खचून भगदाड पडलं होतं, पाऊल सहज आत जाईल एवढं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या ध्यानात यावं म्हणून त्यात निंबाची फांदी रोवलेली होती. बुवांनी ती उपटली. भगदाडावर सरांचं पान अंथरलं आणि कोपऱ्यांवर खडे ठेवले.

“कसं सुबक दिसतंय!”

तेवढ्यात एक बाई नैवेद्याचं ताट घेऊन आत आल्या. नजर ताटावर, पाऊल थेट पानाकडे.

“अहो ताई, थांबा!” सर धडपडत उठले. “खाली खड्डा आहे!”

बाई जागीच थबकल्या. “अगं बाई! केवढा खोल?”

“ते ठाऊक नाही! पण आहे!”

बाई वळसा घालून मठातल्या देवळात गेल्या.

बुवांनी खडे उचलले. पान सरांच्या हाती दिलं, फांदी होती तिथे रोवली.

सरांनी पानावरचं ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं : ‘यादी रिकामी असल्यास काय मिळेल, हे ठरलेले नाही. आधी यादी तपासावी.’

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“पण बुवा... हसतील हो सगळे.”

“हसू देत, सर. पाय मोडलेला माणूस हसत नाही.”