अस्वलाचे सुटलेले पोट

मुलांनो, मोहाची झाडे दाट असलेल्या एका जंगलात एक अस्वल आणि अस्वलीण सुखाने नांदत होती. अस्वलाला एकच नाद. मोहाची फुले खडकातल्या खळग्यात भिजत घालायची, आंबू द्यायची आणि ते पाणी रोज पोटभर प्यायचे. अस्वलीण अधूनमधून कुरकुरायची. "अगं, कुठं काही दुखतंय का माझं?" असे ते हसून म्हणे. खरेच काही दुखत नसे, म्हणून तीही गप्प बसे.

काही वर्षांनी अस्वलाचे पोट सुटू लागले. आता अस्वलांच्या जातीत सुटलेले पोट म्हणजे भरल्या घराची खूण! शेजारणी कौतुकाने बघत आणि अस्वलिणीच्या अंगावर मूठभर मांस चढे. नवऱ्याचे दंड काटकीसारखे वाळले, जेवण दोन घासांवर आले, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. पण या भोळीची नजर पोटावरून हलेल तर शपथ! फुले कमी पडली तर तीच हौसेने वेचून आणू लागली.

एक दिवस अस्वलाला जागेवरून उठवेना. घाबरलेल्या अस्वलिणीने झाडपाल्याचे औषध देणाऱ्या साळिंदराला बोलावून आणले. त्याने पोटावर टिचकी मारून पाहिली आणि मान खाली घातली.

"वहिनी, ही चरबी नाही. पोटात पाणी साठलंय. दारूनं यकृत पार दगड झालंय यांचं."

"अहो, पण यांना कधी दुखलं नाही हो!"

"ते दुखत नाही, वहिनी. निम्मं खराब झालं तरी बिचारं उरलेल्यावर काम रेटत राहतं. आता रेटायला काही उरलं नाही."

"आजपासून थेंबाला शिवणार नाही," अस्वल कळवळून म्हणाले.

त्याने शब्द पाळला. अस्वलिणीने नखे तुटेपर्यंत औषधी मुळ्या उकरल्या, मध आणला, नवस बोलली. ती रोज त्याचे पोट चाचपून बघे आणि आज जरा उतरले, असे स्वतःलाच सांगे. ते उतरत नव्हते. एका सकाळी तिने मधात बुडवलेला पंजा त्याच्या ओठांना लावला, तर चाटायला जीभ बाहेर आली नाही. "मला आधी का नाही कळलं हो?" असे ती त्याला हलवून हलवून विचारत राहिली. उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हते.

तात्पर्य : यकृत दुखून सांगत नाही, त्याचे दुखणे दिसू लागते तेव्हा बहुतेकदा फार उशीर झालेला असतो. म्हणून दुखत नाही तोवरच दारूपासून दूर व्हावे.