राखणबेटावर अडकलेलं जाळं

महिना झाला, सुरंगीचे बाबा अंथरुणाला खिळले होते. घरात तिसरं माणूस नाही. मग काय, नऊ वर्षांच्या त्या चिमुरडीनेच एकटीने होडी लोटली आणि समुद्रात जाळं लावून आली. पण जाळ्याच्या तळाला दगड कमी बांधले हो तिने! जड दगड उचलायला अंगात जोर कुठला?

सकाळी होडी घेऊन जाऊन बघते तर जाळं वाहत जाऊन राखणबेटाला अडकलेलं. त्या बेटाजवळ कुणी साधा गळसुद्धा टाकत नसे. पणजोबांच्या वेळेपासून गावाने समुद्राला तसं वचनच दिलं होतं. निळ्याशार पाण्याखाली तिथे गुलाबी, केशरी प्रवाळांच्या बागा होत्या. इवल्या इवल्या पिवळ्या मासोळ्या त्यांतून लुकलुकत, चिमुकले समुद्रघोडे डुलत.

आज त्या बागेवर सुरंगीचं जाळं पसरलं होतं आणि त्यात एक थोरलं कासव गुरफटलं होतं. ओहोटी होती म्हणून त्याचं नाक तेवढं पाण्यावर होतं. सुरंगीला रडूच कोसळलं.

तोच पाणी झगमगलं. मोतिया रंगाची, शंखांचा मुकुट घातलेली परी समोर उभी राहिली.

"का रडतेस गो बाळ?"

"बाबा उठत नाहीत. वैद्य म्हणतात, आता आशा नाही," सुरंगी हुंदके देत म्हणाली. "आणि माझ्यामुळे हे कासवही..."

"एक इच्छा माग, देईन. पण त्या काळ्या खडकावर डोळे मिटून बसायचं. भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत हलायचं नाही. हललीस की इच्छा गेली."

"तोवर कासव बुडेल ना! तू सोडव ना त्याला!"

परीचा चेहरा उतरला. "माणसाने अडकवलेलं माणसानेच सोडवायचं. समुद्राचा नियम आहे."

सुरंगी खडकावर बसली. डोळे मिटले. बाबांचा सुकलेला चेहरा दिसला. तेवढ्यात कासवाने मोठ्ठा सुस्कारा टाकला, आणि तिने डोळे उघडले.

"बाबा, मला माफ करा हो!" म्हणत तिने होडीतला कोयता घेऊन पाण्यात उडी मारली. घरातलं एकुलतं एक जाळं तिने कापलं, टराटरा फाडलं. बोटं रक्ताळली. आधी कासव मोकळं झालं. प्रवाळांवरचा शेवटचा धागा निघाला तेव्हा पाणी गळ्याशी आलं होतं. काळा खडक तर केव्हाच बुडाला होता.

"गेली माझी इच्छा," सुरंगी पुटपुटली.

"गेली खरी," परी म्हणाली, "पण वेडे, नियम मागण्याला असतात. देण्याला कसला आलाय नियम?" तिने सुरंगीच्या कपाळावर ओठ टेकले. सोनेरी, निळा, रुपेरी उजेड लाटांवर पसरला आणि त्या उजेडात परी विरून गेली.

सुरंगीची होडी किनाऱ्याला लागली तर गुडघाभर पाण्यात बाबा उभे! स्वतःच्या पायांवर! ती धावत जाऊन त्यांच्या कुशीत शिरली.

"बाबा, मी आपलं जाळं कापलं. कासव अडकलं होतं हो."

बाबांनी तिची रक्ताळलेली बोटं हातात घेतली.

"जाळं मी पुन्हा विणीन गो," ते म्हणाले. "कासव कोण विणणार होतं?"