पिशव्यांत बांधलेली उंबरे

"हे झाड मेले, तर पाप कोणाचे, बाबा?"

केवलबाबा उंबराच्या बुंध्याला पाठ टेकून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"कोणते झाड?"

"ज्याला तुम्ही टेकला आहात, ते."

"अस्से…"

बाबांनी पाठ आणखी थोडी रेलली.

"मला तर अजून धरून आहे."

अच्युत हसला नाही. त्याच्या खांद्याला पडशी होती, आणि पडशीत त्याचे कपडे व पोथी भरलेली होती. बाबांनी एक डोळा उघडून ती पाहिली. मग तो पुन्हा मिटला.

घाटमाथ्यावरच्या त्या दाट रानात चैत्र लागला होता. फाल्गुनापासून रान पाने टाकत होते. पायवाटा झाकून गेल्या होत्या. मठीकडे कोणी येऊ लागले, की माणूस दिसण्याआधी पाचोळा ऐकू येई. उंबराचीही पाने गळली होती. त्यांच्या जोडीने फळेही गळू लागली होती, आणि तीही कच्ची, हिरवी.

फळे जमिनीवर मात्र पडली नव्हती. ती पिशव्यांत होती.

त्या पिशव्या अच्युताने स्वतः शिवल्या होत्या.

अच्युत पाठशाळेतून पहिला येऊन थेट या मठीत दाखल झाला होता. त्याचे उच्चार निर्दोष होते, आणि सोवळे त्याहूनही निर्दोष. त्याचे धोतर वेगळ्या दोरीवर वाळे. त्याच्या तांब्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे.

मठीची एक रीत होती. ज्या दिवशी शिष्याला गुरूचा अनुग्रह मिळे, त्या दिवशी तो शिष्य आलेल्या प्रत्येकाच्या हातावर या उंबराचे फळ प्रसाद म्हणून ठेवी. अच्युताचा दिवस उद्यावर आला होता.

उंबर फोडले की आत किडे निघतात, हे त्या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. लोक फळ फोडतात, झटकतात आणि खातात. अच्युताला ते पाहवत नसे. आपल्या अनुग्रहाच्या दिवशी कोणाच्याही हातावर किडका प्रसाद पडू द्यायचा नाही, असे त्याने ठरवले. फळे हरभऱ्याएवढी असतानाच त्याने मलमलीच्या पिशव्या शिवल्या आणि शिडी लावून, हात पोचेल तेथवरचा प्रत्येक घोस बांधून टाकला.

आणि आता त्या पिशव्यांत न पिकलेली फळे देठापासून सुटून तळाशी साचली होती.

"माझ्या हाताने झाले हे," अच्युत म्हणाला. "तुमच्या गुरूंनी ज्या झाडाखाली तुम्हांला अनुग्रह दिला, ते झाड मी मारले. आधी पाने गेली, मग फळे. आता उरले काय?"

बाबांनी मांडीवर पडलेले एक वाळके पान झटकले.

"मी पिशव्या बांधत होतो, तेव्हा तुम्ही येथेच बसला होता. मला अडवले का नाही?"

"अडवले असते, तर थांबला असतास?"

अच्युत खोटे बोलत नसे.

"…नाही."

"तुला शास्त्र सांगायचे होते. मला ऐकून घ्यावे लागले असते. या वयात ते झेपत नाही."

बाबा झाडाचा आधार घेऊन उठले. डोक्याशी आलेली एक डहाळी त्यांनी खाली ओढली आणि तिच्या सालीवर नखाने हलकासा ओरखडा काढला.

पांढरा चीक वर आला. त्याचा थेंब झाला. थेंब बाबांच्या बोटावर उतरला आणि मनगटाकडे ओघळला.

"मेलेल्याला हे येते का?"

अच्युत त्या थेंबाकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतः दुसरी डहाळी ओढली आणि नख लावले. तेथेही चीक आला. तिसऱ्या डहाळीला हात घालणार, तोच बाबा म्हणाले, "पुरे. त्याचा किती वेळा पडताळा घेशील?"

"पण पाने…"

"पाने दर वर्षी गळतात. तुला या वर्षी दिसली."

अच्युत मटकन खाली बसला. पडशी खांद्यावरून घसरून पाचोळ्यात पडली. त्याने ती उचलली नाही. तो बोलला, तेव्हा त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"मेले नाही."

"नाही."

"मग त्याने फळे का सोडली?"

"तू पिशवीत कोणाला येऊ दिलेस?"

"कोणालाही नाही. पाखरू नाही, मुंगी नाही, किडा नाही. वारासुद्धा गाळून जात होता." असे म्हणताना अच्युताची मान, सवयीने, थोडी ताठ झाली.

"शिवल्या छान होत्यास."

"बाबा…"

"झाडाने वाट पाहिली. किडा आत शिरल्याशिवाय उंबर धरत नाही, आणि आत कोणी आले नाही. मग त्याने फळ सोडून दिले."

अच्युताची मान खाली गेली.

"ज्यांना मी घाण म्हणत होतो, त्यांची ते वाट पाहत होते?"

बाबांनी नुसती मान डोलावली. बोटांवरचा चीक ते झाडाच्या सालीला पुसत होते.

"मग मी निघतो," अच्युत पडशी उचलून उठत म्हणाला. "झाड वाचले, एवढे पुरे आहे मला. उद्या लोक येतील. त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने उभे राहून मी अनुग्रह मागू शकत नाही. माझी तेवढी योग्यता नाही."

"जा."

अच्युताला हे उत्तर अपेक्षित नसावे. तो तसाच उभा राहिला.

"जा, पण त्या पिशव्या सोडून मग जा. माझे गुडघे शिडी चढत नाहीत."

अच्युताने शिडी लावली.

गाठी त्याने फार चांगल्या मारल्या होत्या, त्या सुटेनात. बोटे चिकाने माखली, काळी पडली, एकमेकांना चिकटू लागली. सुटलेली पिशवी तो खाली टाकी. खालच्या वाडीतून मठीचा स्वयंपाक करायला येणारी सगुणाबाई त्या पिशव्या टोपलीत गोळा करीत होती.

शिडीच्या शेवटच्या पायरीवर तो पोचला, तेव्हा त्याच्या डोक्यावर काहीतरी मऊ आदळले.

त्याने हात लावून पाहिले. ते अर्धे खाल्लेले उंबर होते, लालभडक, पिकून फुटलेले.

अच्युताने वर पाहिले.

इतके दिवस त्याची नजर पिशव्यांच्या वर गेलीच नव्हती. वर, त्याचा हात जेथे पोचला नव्हता, तेथे प्रत्येक फांदी लाल घोसांनी लगडली होती. धनेशाची एक जोडी चोचीने फळे तोडून गिळत होती. शेपटी लोंबकळत ठेवून एक शेकरू बसले होते, आणि अर्धे खाऊन उरलेले फळ खाली सोडत होते. कोणी कोणाला हाकलत नव्हते.

अच्युताला एकाएकी हसू फुटले. शिडी डुगडुगू लागली. सगुणाबाईने धावत येऊन ती धरली.

"पडू नका, अच्युतबुवा. फळं गळली तेवढी पुरे झाली."

"सगुणाबाई, वर बघा. वर किती आहेत ती."

"मला काय दाखवता? मी रोज बघते. तुम्हीच खालचं मोजत बसला होता."

अच्युत भराभर खाली उतरला आणि बाबांपाशी गेला.

"बाबा, वर पुष्कळ पिकली आहेत. मी वर चढून काढतो. उद्याची सोय झाली."

बाबांनी मान हलवली.

"वरची राहू दे. ती वाटून झाली आहेत."

अच्युताने पुन्हा वर पाहिले. धनेशाची मादी दुसऱ्या घोसाकडे सरकली होती.

"मग लोकांना…"

"ही टाकायची का हो?" सगुणाबाईने मध्येच विचारले. तिने एका पिशवीत हात घातला होता. तळाची फळे वाळली होती. वरची, अलीकडे गळलेली, अजून टणक होती. तिने एक दाबून पाहिले, हुंगले. "चांगली हायत की. कच्च्या उंबराची भाजी करत्यात. दोनदा उकडून पाणी टाकलं, की चीक जातो. वर ओलं खोबरं, मिरची…"

अच्युत बाबांकडे पाहू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस? तिला विळी आणून दे."

"प्रसाद म्हणून भाजी, बाबा?"

"फळाचीच आहे ना?"

सगुणाबाई टोपली उचलत म्हणाली, "न्हाई तरी जमिनीला लागली न्हाईत, कुणी हात लावला न्हाई, किड्यानं तोंड लावलं न्हाई. एवढं सोवळ्यातलं कालवण आमच्या वाडीत कुणी उभ्या जन्मात खाल्लं नसंल."

बाबा मोठ्याने हसले. अच्युताचे कान लाल झाले… आणि मग तोही हसला.

त्याने विळी आणून दिली. सगुणाबाईने पाट आणि विळी त्याच्याचसमोर सारली, तेव्हा तो निमूटपणे बसला आणि उंबरे चिरू लागला. मध्येच तिला तहान लागली. तिने जवळचा तांब्या उचलला आणि ती उंचावरून घटाघट पाणी प्यायली. तो अच्युताचा तांब्या होता. अच्युताच्या ते ध्यानात आले; पण त्याच्या दोन्ही हातांना चीक लागला होता, आणि फळे अजून बरीच चिरायची होती.

दुसऱ्या दिवशी पाचोळा वाजू लागला, तो दुपारपर्यंत थांबला नाही. वाड्यावस्त्यांवरून माणसे आली. झाडाखाली पंगत बसली. अच्युत पानापानावर भाजी वाढत गेला. त्याची बोटे काळी होती. घासूनही डाग गेले नव्हते. कोणी काही विचारण्याआधी तोच सांगू लागे, "यंदा फळे माझ्यामुळे पिकली नाहीत. ही भाजी घ्या."

बाळू धनगराने एक घास घेतला आणि डोळे पुसले.

"बाबा, यंदा परसाद तिखट हाय."

"शिष्य तसा आहे, बाबा रे. काय करू?"

पंगत हसली. बाळूने पान पुढे केले आणि आणखी मागून घेतली. एका म्हातारीने अच्युताच्या काळ्या हातावर हात ठेवला. "बस आता, पोरा. तूबी दोन घास खा." तो तेथेच, तिच्या शेजारी, तिच्या पंगतीत जेवला. भाजी किंचित तुरट होती. पण त्यानेही ती दुसऱ्यांदा घेतली.

माणसे पांगली. सगुणाबाई भांडी घेऊन ओढ्यावर गेली. अच्युताने पंगतीची पाने उचलली आणि रानाच्या कडेला, गळलेल्या पानांच्या ढिगात टाकली. मग तो बाबांसमोर येऊन उभा राहिला.

"बाबा…"

"बोल."

"काल मी निघालो होतो."

"पाहिले मी."

"आज जावेसे वाटत नाही. पण मागायला तोंडही नाही."

"मग मागू नकोस. वर चढ आणि एक फळ घेऊन ये. नुकते तांबडे होऊ लागलेले आण."

"वरची तर वाटून झाली आहेत ना?"

"त्यांतले एक आपले असेल. चढ."

शिडी जेथे संपत होती, तेथून पुढे अच्युत फांदीला बिलगून चढला. धोतर फाटले. शेकरू ओरडून दूर पळाले. तो खाली आला, तेव्हा त्याच्या मुठीत एक फळ होते.

बाबांनी ते दोन्ही अंगठ्यांनी हळूच फोडले.

ज्यांना अच्युत किडे म्हणत आला होता, त्या इवल्याशा माश्यांची आत दाटी होती. उजेड लागताच त्या एकमेकींवरून चढत काठावर आल्या, पंख झटकले, आणि एकेक करून झाडीच्या दिशेने निघून गेल्या.

अच्युताने तोंड फिरवले नाही. तो पाहत राहिला.

"जवळ ये," बाबा म्हणाले. "हात पुढे कर."

अच्युताने काळा पडलेला तळहात पुढे केला. बाबांनी त्यावर अर्धे फळ ठेवले.

"बाबा, हाच का…"

"हाच."

अच्युताचे डोळे भरले. त्याने फळ कपाळाला लावले आणि तोंडापाशी नेले. फळाच्या काठावर अजून एक माशी होती. तिचे पंख ओले होते. तिला उडवण्यासाठी त्याने फुंकर घालायला ओठ जुळवले.

बाबांनी त्याच्या ओठांपुढे हात धरला.

"फुंकू नकोस. तिची ती जाऊ दे. कुठल्या तरी झाडाची फळे तिच्यासाठी खोळंबली आहेत."