निंबवळची बिनकमानीची वेस

पाहुणे, तुम्ही आलात त्या रस्त्यावर प्रत्येक गावाच्या तोंडाशी स्वागत कमान लागली असेल. कुठं सिमेंटची, कुठं लोखंडी, वर कुणा ना कुणा पुढाऱ्याचं नाव. निंबवळला ती नाही. इथं काळ्या दगडाचे दोन खांब तेवढे उभे आहेत, आणि त्यांच्यामध्ये वर बघाल तर आभाळ. नव्या माणसाला वाटतं कमान पडली असेल. भूकंपात पडली, वीज कोसळून पडली, असं सांगणारेही भेटतात. तसं काही नाही. ती कमान गावानं स्वतःच्या हातानं उतरवली. आमदारांनी नवी बांधून देतो म्हणून कितीदा तरी निरोप धाडला. दर वेळी ग्रामसभेनं हात जोडले आणि नको म्हटलं. का, ते सांगतो. बसा असे पारावर. कुस्त्या सुरू व्हायला अवकाश आहे.

गोष्ट जुनी आहे. कुणी म्हणतं पेशवाई संपत आली होती तेव्हाची, कुणी म्हणतं नंतरची. त्या काळी निंबवळला चारी बाजूंनी गावकूस होतं आणि आत यायला ही एकच वेस. कमान मुद्दाम ठेंगणी बांधलेली. लुटारू आले तर त्यांना घोड्यावरून उतरावं लागावं, हा त्यातला हिशेब. पण लुटारू कधीमधी यायचे. रोज त्या कमानीखालून जायची ती गावचीच माणसं.

वेशीचं दार उघडायचं आणि लावायचं काम सोननाक वेसकराकडं होतं. दिवस उगवला की अडसर काढायचा, दिवे लागले की घालायचा आणि दाराशेजारच्या दिंडीतून, त्या छोट्या दारातून, बाहेर पडायचं. दाराला सागवानी तुळईचा अडसर होता, तो हलवायला चार गडी लागत. सोननाक तो एकटा उचलायचा आणि भिंतीला टेकवून ठेवायचा. गावाची राखण त्याच्याकडं, पण घर मात्र गावकुसाबाहेर, महारवाड्यात. आत यायचं तर कामापुरतं, मान खाली घालून, कुणावर सावली पडणार नाही अशा बेतानं. हा त्या काळचा रिवाज होता, आणि तो वाईट होता. आम्ही ते झाकून सांगत नाही.

सोननाकचा मामा कुठल्याशा किल्ल्यावर शिबंदीत होता. तिथं रिकाम्या वेळी शिपाई कुस्त्या करत, आणि गडावरच्या मातीत कुणी जात फारशी विचारत नसे. मामा म्हातारपणी बहिणीकडं आला तो हे सगळे डाव अंगात घेऊन. येरळा नदीच्या वाळूत, पहाटे, तो भाच्याला एकेक डाव शिकवायचा.

आता दुसरा गडी. हैबती, पाटलाचा पुतण्या. बाप लहानपणी गेला, पाटलानं पोटच्या पोरासारखा वाढवला. असा पैलवान या खोऱ्यात पुन्हा झाला नाही असं सांगतात. मांड्या या खांबांसारख्या, आणि चाल मात्र मांजराची. गावदेवी जखाईच्या जत्रेतली शेवटची कुस्ती वर्षानुवर्षं त्याचीच. जिंकणाऱ्याला देवीपुढचा फेटा बांधत, खांद्यावर उचलत आणि वेशीतून मिरवत देवळात नेत. मागून देवीची पालखी. तशी रीतच होती: शेवटची कुस्ती निकाली झाल्याशिवाय पालखी वेशीबाहेरच्या आखाड्यावरून हलायची नाही. देवी बाहेर राहिली तर गाव वर्षभर बिनदेवाचं, अशी लोकांची श्रद्धा.

पण हैबतीच्या मनात एक काटा रुतला होता. एका जत्रेला औंध भागातला एक नामी गडी त्याच्यापुढं आला आणि अगदीच सहज चीत झाला. हैबतीनं त्याला हात देऊन उठवलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "पाटलांना सांगा, मी शब्द राखला." तेव्हा हैबतीला कळलं. पाटलानं आपल्या नावासाठी माणसं दमात घेतली होती. तेव्हापासून म्हणे हैबतीला फेट्याचं ओझं व्हायला लागलं. आपण खरे किती कुस्त्या जिंकलो हे त्याचं त्यालाच कळेना.

मग ते वर्ष आलं. चैत्रातली दुपार कलली होती, आखाडा माणसांनी वेढलेला, पालखी निंबाखाली ठेवलेली. महारवाड्यातले लोक नदीच्या अंगाला, लांब उभे. बाकीच्या कुस्त्या उरकल्या. हैबती मातीत उतरला, आणि त्याच्यासमोर कुणी येईना. हलगी वाजून वाजून थकली. गुरव पालखीकडं बघायला लागला. पाटील खालच्या आवाजात म्हणाले, "कुणीतरी उतरा रे. हात लावा आणि पडा. देवीला आत न्यायची आहे."

ते हैबतीनं ऐकलं. पहाटेचे वाळूतले डाव त्यानं लांबून पाहिले होते. तो वळला, नदीच्या अंगाला बघितलं आणि मोठ्यानं हाक मारली.

"सोननाक, उतर खाली!"

हलगी थांबली. पाटील उठून उभे राहिले. "हैबती, शुद्धीवर आहेस ना?"

"आहे, काका. या सगळ्या माणसांत मला एक दाखवा, जो तुमच्याकडं बघून पडणार नाही. दाखवा, त्याच्याशी लढतो."

लोकांत कुजबुज झाली, कुणी उठून चालू लागलं, कुणी शिव्या दिल्या. शेवटी म्हातारा गुरव पुढं झाला. मातीवर हळद-कुंकू त्यानंच टाकलं होतं. तो म्हणाला, "माती जखाईची आहे. तिच्यात कुणी उतरावं हे ती सांगेल. मी नाही म्हणणारा कोण?" देवीचं नाव निघालं तशी माणसं गप्प झाली. शिवाय बहुतेकांना वाटलं, हैबती याला क्षणात लोळवेल, हसू होईल, आणि पालखी उठेल.

सोननाकच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करा. हरला तर काहीच नाही. जिंकला तर वेसकरी जाईल, बलुतं जाईल, घरावर कोण चालून येईल सांगता येत नाही. मामानं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "पडायचं असंल तर जाऊच नको." सोननाकनं मुंडासं काढून मामाच्या हातात दिलं आणि तो उतरला.

सलामी झाली. हैबतीनं त्याचं मनगट धरलं. पाटलाच्या घरातल्या हातानं वेसकराचा हात धरलेला निंबवळनं तोवर पाहिला नव्हता. थोडा वेळ खडाखडी चालली. पण हैबती मुरलेला गडी, त्याला समोरचं अंग कळत होतं. सोननाक ताकद राखून होता. हैबतीनं मान त्याच्या मानेला लावली आणि कानात म्हणाला, "तूही फसवणार का मला?"

"जिंकलो तर माझं घर ऱ्हाणार न्हाई, धनी."

"तुझ्या घराला हात लावायचा तर आधी मला ओलांडावं लागेल. जखाईची आण. आता लढ."

आणि मग म्हणे कुस्ती लागली. दोघांच्या अंगाचा रंग माती लागून एकच झाला होता, कोण कोण ते लांबून ओळखू येईना. हैबतीनं पायांत शिरून पट काढला, सोननाक निसटला. सोननाकनं मानेवर कस ठेवला, हैबतीनं तो झुगारला. सुरुवातीला हसणारी माणसं आता उभी राहून बघत होती. उठून गेलेली परत आली. पोरं निंबावर चढली. एक घटका अशी आली की लोक आपण कुणाच्या बाजूचे हेच विसरले. चांगला डाव पडला की ओरडत, मग तो कुणाचाही असो. सांगणारे सांगतात, खरा चमत्कार तिथंच झाला.

सूर्य नदीवर टेकला तेव्हा हैबती पुन्हा पायात शिरला. सोननाकनं त्याला येऊ दिलं, खाली बसला आणि त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घेतला. कलाजंग म्हणतात या डावाला. रोज सकाळी तुळई उचलावी तसा त्यानं हैबतीला उचलला आणि मागं टाकला. पाठ मातीला लागली. पडताना हैबतीचा गुडघा अंगाखाली पिरगळला.

कुणीच ओरडलं नाही. आनंदाला आवाज फुटेना आणि रागालाही. गुरवाच्या हातातल्या ताटात फेटा तसाच. दर वर्षी जिंकणाऱ्याला उचलायला पन्नास खांदे पुढं यायचे, आज एकही हलला नाही. सोननाकनं ते बघितलं, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि नदीच्या अंगानं वर चढायला लागला. त्याला वाटलं, आपलं एवढंच.

हैबती अजून आभाळाकडं बघत पडला होता. आणि तो हसत होता. पुष्कळ वर्षांनी त्याला खरी कुस्ती मिळाली होती. तो उठला, लंगडत गुरवापाशी गेला, फेटा घेतला आणि हाक मारून सोननाकला थांबवलं. स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. मग खाली वाकून त्याच्या पायांत मान घातली आणि त्याला खांद्यावर घेऊन उभा राहिला.

लोक आपोआप दोन बाजूंना झाले. हलगीवाल्यानं पहिली थाप दिली. पुढं हा लंगडणारा पैलवान, खांद्यावर वेसकर, मागं पालखी, असे सगळे वेशीपाशी आले. आणि थांबले. कमान ठेंगणी होती. खांद्यावरच्या माणसाला मान पार गुडघ्यात घातल्याशिवाय पुढं जाता येत नसे. हैबतीही दर वर्षी तसाच जायचा. पण त्याचं वाकणं वेगळं होतं.

सोननाक म्हणाला, "उतरतो, धनी. वाकून चालत येतो. मला सवय हाय."

"हरलो मी," हैबती म्हणाला. "मग वाकायचं कुणी?"

आणि तो खाली बसला. तालमीत बैठका मारताना बसतात तसा, पुरा खाली, खांद्यावर माणूस घेऊन. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला होता. तसा बसल्या बसल्या एकेक पाऊल टाकत तो कमानीखाली शिरला. वर सोननाक ताठ होता. फेट्याचा तुरा दगडाला घासला म्हणतात, पण मान झुकली नाही. पलीकडच्या तोंडाशी पाटील वाट अडवून उभे होते. त्यांनी बघितलं की जो पोरगा आजवर कुणापुढं वाकला नाही तो धुळीत रांगल्यासारखा येतोय, घामानं आणि वेदनेनं डोळे मिटलेत, आणि तरी थांबत नाही. पाटील बाजूला झाले. मागून भोयांनी पालखी उचलली, आणि ती त्या वर्षी फुलासारखी हलकी लागली, असं सांगतात.

यानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी गोमूत्र शिंपडणारे निघालेच. विहिरीवरची बंदी उठायला पुढं कित्येक पिढ्या गेल्या. पण सोननाकच्या घराला हात लागला नाही, कारण त्याच्या दारात हैबती लंगडत येऊन बसायचा. त्याचा गुडघा पुन्हा बरा झाला नाही. तो परत कधी लढला नाही. तालमीत वस्ताद म्हणून बसला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, या मातीत शिकायला येणाऱ्याला मी घर विचारणार नाही. महारवाड्यातली पोरं आली. काही घरांनी आपली पोरं काढून घेतली, आणि दोनेक वर्षांत परत पाठवली. कारण कुस्ती शिकायची तर वस्ताद तोच होता.

पुढच्या जत्रेला सोननाकच जिंकला. हरलेला गडी परगावचा, पण त्यानं गेल्या जत्रेचं ऐकलं होतं; त्यानं न सांगता सोननाकला उचललं. वेशीपाशी येऊन तो थबकला. शरीरानं जड होता, बसता येईना. सगळा गाव पाटलांकडं बघायला लागला. पाटील आता थकले होते. त्यांनी कमानीकडं बघितलं आणि ते म्हणाले, "वडारांना बोलवा. ती कमान उतरवा."

कुणीतरी म्हणालं, "पाटील, गनीम आला तर?"

"येईल तेव्हा बघू. माझा पुतण्या एकदा वाकला, तेवढं पुरे झालं."

त्या संध्याकाळी दगड खाली आले. तोवर सोननाक त्या गड्याच्या खांद्यावरच होता म्हणे, आणि पालखी वाट बघत उभी होती.

आजही निंबवळच्या जत्रेत हरलेलाच जिंकलेल्याला उचलतो. आता मुलींच्याही कुस्त्या होतात, त्याही उचलतात. पंजाबातून, हरियाणातून पैलवान येतात, त्यांना आधी ही रीत सांगतो. एखादा नाक मुरडतो, पण माती लागली की उचलतो.

मागं एका वर्षी इराणहून बेहरूज नावाचा पैलवान आला होता. पहाडासारखा माणूस. सोबत पुण्यात शिकणारा त्याच्याच देशाचा एक विद्यार्थी दुभाषा म्हणून. सकाळी याच पारावर बसून मी ही गोष्ट सांगितली, तो विद्यार्थी त्याला समजावत गेला. बेहरूज सगळं ऐकून घेऊन नुसता खांबांकडं बघत राहिला. दुपारी आमच्या ओंकार लोखंडेनं त्याला चीत केलं. त्यानं ओंकारला लहान मुलासारखं खांद्यावर घेतलं आणि वेशीकडं निघाला. खांबांपाशी आला आणि थांबला. वर काहीही नव्हतं, आभाळ मोकळं. तरी तो खाली बसला. पुरा खाली, हैबती बसला होता तसा, आणि एकेक पाऊल टाकत पलीकडं गेला. ओंकार वर बसून रडत होता, आणि खाली हलगीवाल्यांचे हात थांबले होते.

हैबतीची ती बैठक आम्ही गोष्टीत सांगायचो, पण करायची विसरून गेलो होतो. कमान गेल्यावर कुणाला तिची गरजच पडली नव्हती. त्या वर्षापासून आमच्या वेशीत प्रत्येक हरलेला गडी खाली बसतो. आज संध्याकाळी बघालच. आणि तुमच्यापैकी कुणी विचारलं की ही रीत कुठली, तर आम्ही सरळ सांगतो, उचलायची निंबवळची, आणि बसायची आम्हाला इराणच्या माणसानं परत दिली.